अर्धा पंप

नोकरदार माणसांसाठीच्या एका वर्षभराच्या कार्यक्रमाला मी अर्ज केला होता. त्यातलं पहिलंच वाक्य लाल रेघ मारून परत आलं. वाक्य होतं, ‘मला आमची कंपनी पर्यावरणपूरक करायची आहे.’ शेजारी कुणीतरी लिहिलं होतं, ‘कंपनी म्हणजे कोण? आणि त्या माणसानं सोमवारी सकाळी कामावर आल्यावर आजवर केलं नाही असं काय करायचं?’

राग आला. त्या वाक्याच्या खाली मी दोन पानं भरून चांगलं लिहिलं होतं, त्यावर एक अक्षर नाही. पण दोन दिवस डोकं खाजवूनही त्या प्रश्नाला उत्तर सुचेना. शेवटी ‘अजून माहीत नाही’ असं लिहून अर्ज परत पाठवला. निवड झाली. पुढे कळलं, तसं लिहिणाऱ्या बहुतेकांची झाली होती.

मी पंप बनवणाऱ्या कंपनीत शाश्वतता अहवालाचं काम बघते. शिक्षण वाणिज्य शाखेचं. पंपात पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघतं, हेही सुरुवातीला कळत नव्हतं. दरवर्षी सगळ्या कारखान्यांकडून वीज, डिझेल, पाणी, कचरा यांचे आकडे मागवायचे, ज्यांचे आले नाहीत त्यांच्या मागे लागायचं, आलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून रात्र काढायची आणि शेवटी गुळगुळीत कागदावर छापून घ्यायचं. अहवालात छपरावरची सौर पॅनेल असत, बदललेले दिवे असत, लावलेली झाडं असत. आणि पार मागे, एका तक्त्यात, बारीक टायपात एक ओळ असे: विकलेल्या उत्पादनांच्या वापरातून होणारं उत्सर्जन.

या ओळीबद्दल थोडं सांगावं लागेल. उत्सर्जनाचा, म्हणजे हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंचा, हिशेब ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या नियमावलीनुसार तीन ‘स्कोप’मध्ये मांडतात. पहिला आपल्या आवारातल्या धुराचा, दुसरा आपण विकत घेतलेल्या विजेचा, आणि तिसरा आपल्या आधी आणि आपल्या नंतर जे काही घडतं त्या सगळ्याचा. तिसऱ्याचं मानक २०११ साली आलं. त्यात १५ वर्ग आहेत आणि विकलेल्या वस्तूंचा वापर हा ११वा. पंपाच्या कंपनीसाठी हा एकच वर्ग बाकी सगळ्या बेरजेला गिळून टाकतो. साधं आहे. आपण पंप एकदाच बनवतो, पण ग्राहकाकडे तो वर्षानुवर्षं वीज खात राहतो. विजेच्या मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणा जगातल्या एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज वापरतात असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११च्या अभ्यासात होतं, आणि त्यात पंपांचा वाटा चांगला दांडगा आहे. म्हणजे मी दिव्यांवर पानभर लिहीत होते आणि हत्ती शेवटच्या तक्त्यात उभा होता.

कार्यक्रम वर्षभराचा होता. कंपनीतच राहून सामाजिक किंवा पर्यावरणाच्या अंगानं नवं काही उभं करू पाहणाऱ्या, मधल्या फळीतल्या माणसांसाठी. अशा कार्यक्रमांची आता एक पठडीच तयार झालीय. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेची फर्स्ट मूव्हर्स फेलोशिप २००९ साली सुरू झाली. आमचा कार्यक्रम त्याच जातकुळीतला, पण आकारानं लहान. वर्षातून तीनदा चार-चार दिवस एकत्र राहायचं, मधल्या काळात दर पंधरवड्याला तिघातिघांच्या गटानं फोनवर बोलायचं आणि आपापल्या कंपनीत एक खराखुरा प्रयोग करून दाखवायचा. अर्जावर वरिष्ठांची सही लागायची. आमच्या साहेबांनी सही करताना एकच विचारलं, ‘अहवालाच्या महिन्यात तर जाणार नाहीस ना?’

पहिल्या चार दिवसांतला निम्मा वेळ वाया गेला असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, डोळे मिटून आपण हे का करतोय ते शोधायचं, अनोळखी माणसाकडे दोन मिनिटं न बोलता बघायचं. माझ्या शेजारी बसणारा, मालवाहतूक कंपनीतला गृहस्थ दर वेळी घड्याळ बघायचा आणि हळूच म्हणायचा, ‘माझं “का” सापडलं, आता जेवण कधी आहे?’

मात्र पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट ऐकायला मिळाली ती कामाची निघाली. कंपनीत नोकरी करता करता उद्योजकासारखं वागणाऱ्या माणसासाठी ‘इंट्राप्रेन्युअर’ हा शब्द गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंचो या जोडप्यानं १९७८ साली वापरात आणला. अशा माणसांना पिंचो यांचा पहिला सल्लाच असा की रोज कामावर जाताना आज आपल्याला काढून टाकतील याची तयारी ठेवून जा. खोलीतल्या ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते होते त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. शिकवणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘आपण हा सल्ला थोडा सौम्य करू. काढून टाकण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी कुणाकुणाशी बोलायला हवं, त्यांची यादी करा.’

यादी केली. माझी कल्पना तेव्हा ढोबळ होती: नवा पंप विकण्याआधी ग्राहकाकडचा जुना पंप तपासायचा आणि तो गरजेपेक्षा मोठा असेल तर नीट करून द्यायचा. बहुतेक ठिकाणी तो मोठा असतोच, हे मी आमच्याच इंजिनियरांकडून जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं. याचं कारण मजेशीर आहे. आराखडा करणारा सुरक्षिततेसाठी १० टक्के वाढवतो. सल्लागार, आपल्यावर काही येऊ नये म्हणून, आणखी १० टक्के. खरेदी करणारा उद्या विस्तार झाला तर असावा म्हणून १५. कुणीच वेडेपणा करत नाही, पण गुणाकार ३९ टक्क्यांवर जातो. मग चालवणारा माणूस पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतो आणि पंप त्या बंद व्हॉल्व्हला ढकलत वीज जाळत राहतो. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकनं सांभाळायचा, तसलाच प्रकार.

माझ्या यादीत ११ नावं आली. नऊ जणांपुढे मी हिरवा ठिपका दिला, एकापुढे पिवळा, आणि विक्रीप्रमुखांपुढे ठसठशीत लाल. खाली लिहिलं: ‘अडथळा’.

दुसऱ्या दिवशी पाठीचा खेळ झाला. त्याला ट्रॉयका म्हणतात. तिघांचा गट. एकीनं आपली अडचण दोन मिनिटांत सांगायची, मग खुर्ची फिरवून बाकी दोघांकडे पाठ करून बसायचं. ते दोघं तिच्याबद्दल, ती तिथं नाहीच असं समजून बोलतात. मधे बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. समोर विजेचा बोर्ड होता, त्याचा एक स्क्रू सैल होता, एवढंच आठवतं. मागून आधी वाहतूकवाला म्हणाला, ‘हिला वाटतंय विक्रीवाले बिघडलेले आहेत.’ मग गटातली तिसरी, बँकेत काम करणारी, म्हणाली, ‘त्यांच्या विक्रीप्रमुखाचा पगार कशावर ठरतो, हे हिला माहीत असेल का?’

माहीत नव्हतं. नऊ वर्षं त्याच इमारतीत काम करत होते. त्या माणसाच्या गाडीचं मायलेज माझ्या अहवालात जात होतं. पण त्याचा इन्सेंटिव्ह कशावर मिळतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कान तापले. खुर्ची फिरवायची वेळ झाली तरी मी तशीच बसून होते.

परतल्यावर विक्रीप्रमुखांकडे वेळ मागितली. आधी मी तयारी केली होती ती सगळी, उष्णतावाढीचे आलेख वगैरे, टेबलावर काढलीच नाही. फक्त विचारलं, ‘सर, तुमच्या टीमचं टार्गेट कसं ठरतं?’ ते माझ्याकडे बघतच राहिले. मग कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एक साधं पत्रक. डावीकडे माणसांची नावं, वर महिने, आणि चौकटीत आकडे: नवीन पंप, नग. बस. दुरुस्तीचं, सुट्या भागांचं, सर्व्हिसचं उत्पन्न दुसऱ्या खात्यात जमा होत होतं.

‘आता बघा,’ ते म्हणाले, ‘माझा पोरगा ग्राहकाकडे गेला. ग्राहक म्हणतो, पंप जुना झाला, नवा द्या. तुमचं ऐकून पोरानं सांगितलं, नवा नको, याचाच इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, लेथवर थोडं कमी करून देतो. ग्राहक खूश. पृथ्वी खूश. तुम्ही खूश. आणि याच्या चौकटीत त्या महिन्यात काय पडलं? शून्य. मला सगळं पटतं हो. त्याच्या तिमाहीचा हिशेब कोण देणार ते सांगा.’

निघताना त्यांनीच एक धागा हातात दिला. म्हणाले, विजेच्या बिलावरून ज्या ग्राहकाची कटकट सुरू होते तो पुढचा पंप आपल्याकडून घेत नाही, दुसरीकडे जातो, आणि अशांची यादी त्यांच्याकडे आहे. ती यादी मी मागितली. दुसऱ्या दिवशी आली. माझ्या लाल ठिपक्याचं काय करायचं हे मला कळेना. मी तो कागदच फाडला.

मधे वित्तप्रमुखांकडेही एक हुशारी करून पाहिली. मायक्रोसॉफ्टनं २०१२पासून स्वतःच्याच विभागांकडून कार्बनची फी घ्यायला सुरुवात केली, हे कार्यक्रमात ऐकलं होतं. तसंच आपणही करू, म्हणून चार पानी टिपण नेलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘फी लावायची ती आपल्या धुरावर, बरोबर? तुम्हीच म्हणता आपला धूर ग्राहकाच्या बिलात आहे. मग बिल कुणाला पाठवू?’ टिपण परत घेऊन आले. दुसऱ्याचं औषध आपल्या आजाराला चालत नाही, हे मला फुकटात समजलं.

तीन साइट ठरल्या. प्रयोगाला पैसे अगदी थोडे. एक तपासणी किट, भाड्यानं आणलेला वीजमापक आणि आमच्या सर्व्हिस खात्यातले सर्वांत जुने फिटर. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. दोन वर्षांत निवृत्त होणार होते आणि मला मदत म्हणून दिले होते. खरं तर मी त्यांची मदतनीस होते.

पहिली साइट म्हणजे यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याचं बंद वर्तुळ. पाणी निघतं, यंत्रांभोवती फिरतं, थंड होऊन परत येतं. मिस्त्रींनी आधी पंपाकडे बघितलंच नाही. सरळ व्हॉल्व्हपाशी गेले, चाकावर हात ठेवला आणि आटे मोजत बंदच्या दिशेनं फिरवू लागले. पुढच्या आटीला पाणी तुटेल असं वाटताच थांबले, तेवढ्याच आट्या उलट फिरवून चाक जागेवर आणलं. मग मला म्हणाले, ‘पाइपाला हात लावा. इथं. आता पलीकडे.’ व्हॉल्व्हच्या अलीकडे पाइप नुसता घुमत होता. पलीकडे हाताला सुरसुर लागत होती, वाळू वाहत असल्यासारखी. अलीकडच्या गेजवर दाब ५ बार, पलीकडच्या गेजवर ३.६. ‘हा मधला दीड बार,’ ते म्हणाले, ‘रोज रात्रंदिवस या व्हॉल्व्हमध्ये मरतो.’

आम्ही इंपेलर काढून लेथवर त्याचा व्यास कमी केला, परत बसवला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी तेवढंच, वीज मात्र चौथ्या हिश्शाहून जरा जास्तच उतरली. चालवणाऱ्या माणसाला सवय झालेला आवाज गेला म्हणून तो दोनदा येऊन पंप सुरू आहे ना, हे बघून गेला. मला आकाश ठेंगणं झालं होतं. गाडीत बसताना मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, हे पाणी गोल फिरतं. सगळीकडे असं नसतं.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

दुसऱ्या साइटला मी आमच्या माहितीपत्रकावरचं वाक्य पाठ करून गेले. पंपाची शक्ती वेगाच्या घनावर चालते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. ‘वेगात पाचवा हिस्सा कमी, विजेत निम्मी बचत,’ असं मी तिथल्या व्यवस्थापकांना, त्यांच्या तीन सहकाऱ्यांसमोर, छातीठोकपणे सांगितलं. वेग कमी करणारा ड्राइव्ह बसवला. मिस्त्री दाराशी उभे होते. म्हणाले, ‘पाणी वर चढवायचंय इथं.’ मी म्हटलं, ‘हो, करून तर बघू.’

ड्राइव्ह ८० टक्क्यांवर आणला. पंप छान फिरत होता. वीजमापकावर आकडा सुंदर कमी झाला. आणि पाच मिनिटांनी वरून कुणीतरी ओरडलं की टाकीत पाणीच पडत नाहीये.

नंतर मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला मला ते गणित मांडून दाखवलं. शक्ती वेगाच्या घनावर चालते, पण पाणी चढवायची ताकद वेगाच्या वर्गावर. या पंपाची अगदी शून्य पाणी वाहताना चढवायची ताकद ३५ मीटर. वेग ८० टक्के केला की ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. ३५चे ६४ टक्के २२.४. टाकी किती उंचीवर? २४ मीटर. पंप बिचारा दीड मीटर खाली पाणी धरून नुसता गरगरत होता. वर्तुळात फिरणाऱ्या पाण्याला फक्त घर्षणाशी भांडायचं असतं, वर चढणाऱ्याला उंचीशीही. टाकीची उंची वेगावर अवलंबून नसते, ती तिथंच असते. माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं, कारण माहितीपत्रक विक्रीसाठी असतं. आणि मी, जिनं विक्रीवाल्यांना नावं ठेवली, तेच पत्रक पाठ करून गेले होते.

वेग ९५ टक्क्यांवर ठेवून काम भागलं. बचत झाली ती सांगण्यासारखी नव्हती. व्यवस्थापकांनी सौजन्यानं चहा दिला. ड्राइव्ह आम्ही काढून परत आणला.

तिसऱ्या साइटला तर पाण्यापर्यंत पोचलोच नाही. तिथल्या तांत्रिक माणसांना सगळं पटलं. अडलं ते वेगळ्याच जागी. पंपाची खरेदी आणि सुधारणा भांडवली खर्चात पडते, ती मागायची म्हणजे वार्षिक मंजुरी. विजेचं बिल चालू खर्चात जातं, ते भरणारे वेगळे, आणि ते दर महिन्याला विनातक्रार भरलं जातं. ज्याच्या खिशातून जायचे त्याला फायदा नाही, ज्याला फायदा त्याच्याकडे खिसा नाही.

पंधरवड्याच्या फोनवर मी हे रडगाणं गायलं आणि वर म्हणाले की आमच्याकडे रे अँडरसनसारखा मालक असता तर हे सगळं झटक्यात झालं असतं. इंटरफेस या गालिच्याच्या कंपनीचे ते संस्थापक. १९९४ साली त्यांना साक्षात्कार व्हावा तसं झालं आणि २०२०पर्यंत पर्यावरणावरचा आपला दुष्परिणाम शून्यावर आणायचं त्यांनी ठरवलं, ही गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. बँकवालीनं तिची उलटी बाजू दाखवली. एक, अँडरसनना पहिला धक्का बसला तो ग्राहकांच्या प्रश्नामुळे. कंपनी पर्यावरणासाठी काय करते असं ग्राहक विचारत होते, विक्रीची माणसं तो प्रश्न वर पोचवत होती, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. दोन, मालक एवढा पेटलेला असूनही गालिचा विकण्याऐवजी भाड्यानं देण्याची त्यांची योजना फारशी चाललीच नाही. अडचणींत एक अगदी माझीच होती: गालिचा एका खर्चात, त्याची निगा दुसऱ्या खर्चात. ‘म्हणजे तुझी अडचण मालकानं सुटली नसती,’ ती म्हणाली. ‘पुढं बोल.’

हा फोन मला कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. चिठ्ठ्या नव्हत्या, डोळे मिटणं नव्हतं. फक्त तीन माणसं आणि एक प्रश्न: मागच्या वेळी करीन म्हणालीस ते केलंस का? बँकवालीचं स्वतःचं काम लहान पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याचं होतं. ९० दिवसांनी पैसे मिळतात, तोवर त्यांची माणसं पगारासाठी थांबतात. तिनं आठ महिने कुणी हा नियम केला ते शोधलं. कुणीच केला नव्हता. बिलांची संगणकप्रणाली बसवताना कुणीतरी त्या रकान्यात ९० भरून ठेवले होते. लहान पुरवठादारांसाठी तो आकडा ३० करायला एक सही लागली. वाहतूकवाल्यानं मात्र अर्ध्यातच कंपनी सोडली, दुसरीकडे चांगल्या पदावर गेला. कार्यक्रमाच्या शेवटच्या पुस्तिकेत त्याची गणना यशोगाथांमध्ये आहे. मला ती लबाडी वाटते. तो आत राहून काही करण्यासाठी आला होता.

दुसऱ्या मुक्कामात एम-पेसा या केनियातल्या, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचा किस्सा चर्चेला होता. व्होडाफोनमधल्या निक ह्यूज यांना मोबाइलवरून पैशाचे व्यवहार करायचे होते. कंपनीत नफ्याच्या इतर प्रकल्पांशी झगडून त्याला पैसा मिळणं अवघड, म्हणून त्यांनी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याच्या निधीतून सुमारे १० लाख पौंड मिळवले आणि तेवढेच कंपनीला घालायला लावले. मूळ कल्पना छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्याची होती. केनियात चाचणी घेतली तर लोक ते सोडून एकमेकांना पैसे पाठवायला लागले. मार्च २००७मध्ये सेवा सुरू झाली ती त्याच गोष्टीसाठी. सगळ्यांनी यातून बाहेरच्या निधीचा धडा घेतला. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. चाचणीत कल्पना मोडली, आणि त्यांनी मोडलेली कल्पना नाही, लोक काय करतात ते उचललं. माझ्या चाचणीत लोक काय करत होते? मिस्त्री व्हॉल्व्हच्या आट्या मोजत होते.

परत येऊन मी मिस्त्रींच्या वह्या मागितल्या. १४ निघाल्या. तेलकट, काही पानं चिकटलेली. वर्षानुवर्षं ते जिथं जात तिथं व्हॉल्व्ह किती आट्या उघडा, दोन्ही गेजचे आकडे आणि पाणी ‘गोल’ की ‘वर’ एवढं टिपून ठेवत. कुणी मागितलं नव्हतं. मी विचारलं, कशासाठी? ‘पुढच्या वेळी गेलो की बिघडलंय का कळतं.’

विक्रीप्रमुखांनी दिलेली रागावलेल्या ग्राहकांची यादी आणि मिस्त्रींच्या वह्या शेजारी ठेवून आम्ही तिघं एका शनिवारी बसलो. ‘गोल’ असलेले आणि व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त बंद असलेले वेगळे काढले. विक्रीप्रमुख एकेक नाव वाचत गेले आणि मधेच थांबून म्हणाले, ‘हा तर मागच्या वर्षी दुसरीकडे गेला. याची कटकट आपल्याला आधीच माहीत होती म्हणजे.’ मिस्त्री काही बोलले नाहीत.

त्या बैठकीत अर्धा पंप जन्माला आला. प्रस्ताव माझा नव्हता, विक्रीप्रमुखांचा होता. जुना पंप तपासून नीट करण्याचं काम विक्रीच्या माणसानं मिळवून दिलं, तर त्याच्या चौकटीत अर्धा नग धरायचा. पूर्ण का नाही, यावर मी थोडी भांडले. ते म्हणाले, ‘पूर्ण धरला तर पोरं नवा पंप विकायचं सोडून आटे मोजत बसतील, आणि मग तुमचा पगार कोण देणार?’ वित्तप्रमुखांनी एका वर्षापुरती परवानगी दिली. भांडवली खर्चाचं कोडंही त्यांनीच सोडवलं: इंपेलर कमी करणं हे दुरुस्तीच्या बिलात बसतं, त्याला ग्राहकाकडे वार्षिक मंजुरी लागत नाही. मी वर्षभर ड्राइव्ह, ड्राइव्ह करत होते. स्वस्त लेथचं काम दारातून आत गेलं.

एक गंमत मला अजून पचलेली नाही. ११व्या वर्गात त्या वर्षी विकलेल्या वस्तूंचं आयुष्यभराचं उत्सर्जन धरतात. आम्ही नीट करतो ते पंप विकून जमाना झाला. त्यामुळे वाचलेली सगळी वीज माझ्या अहवालातल्या त्या ओळीत कुठंच दिसत नाही. टळलेलं उत्सर्जन वेगळं मांडावं लागतं, मूळ बेरजेतून वजा करता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. नाहीतर जो तो आपण काय टाळलं याच्या थापा मारेल. पण झालंय असं की माझं आजवरचं सर्वांत खरं काम माझ्याच अहवालाबाहेर आहे, आणि छपरावरची पॅनेल अजूनही पहिल्या पानावर.

शेवटच्या मुक्कामात सगळ्यांनी आपला प्रयोग सांगायचा होता. मी पाण्याविना फिरणाऱ्या पंपाची गोष्ट सांगितली, बाकीचं दोन वाक्यांत उरकलं. शिकवणाऱ्या बाईंनी माझा जुना अर्ज परत दिला. लाल रेघेखाली मी मिस्त्रींच्या अक्षरासारखं अक्षर काढत लिहिलं: ‘विक्रीच्या माणसानं ग्राहकाकडे गेल्यावर आधी व्हॉल्व्हच्या आट्या मोजायच्या.’

यंदा विक्रीप्रमुखांची बदली झाली. नव्या साहेबांनी तिसऱ्याच दिवशी पत्रकावर बोट ठेवून विचारलं, ‘हा अर्धा काय प्रकार आहे? नग अर्धा कसा असेल?’ एका वर्षाची परवानगीही पुढच्या महिन्यात संपते. मी काही समजावत बसले नाही. मिस्त्रींच्या निवृत्तीला अजून चार महिने आहेत. आज सकाळी साडेआठला दोघांना एकाच गाडीत बसवून साइटवर पाठवलंय. साहेबांनी पांढरा शर्ट घातला होता. मिस्त्रींनी तो बघितला, गाडीच्या मागच्या बाजूनं एक जुनी डांगरी काढली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली. दुपार झाली, अजून आलेले नाहीत.